दर्याला नारळ, व्हाया मेक्सिको

प्लेनो, टेक्सास
२८ जुलै १९८६

ती. स्व. पद्मिनीवन्सं यांना, इथून रत्नागिरीपर्यंत जेवढं वाकता येईल तेवढं वाकून, सुचित्राचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? निर्गुडीचं तेल लावत असालच. जिना दिवसातून एकदाच चढायचा असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तुम्ही तो मोजून चारदा चढत असणार, हे मला इथे बसून दिसतं. इकडे सर्व खुशाल. तुमचे बंधू उत्तम आहेत. रोज दवाखाना, आणि रविवारी घरापुढचं गवत कापणं. कापून झालं की तिथेच उभे राहून, ते पुन्हा वाढायला इतका वेळ का लावतं, म्हणून वैतागतात. (त्यांचा स्वभाव तुम्हांला मी काय सांगणार? पाढे तुम्हीच शिकवलेत. एकोणतिसाचा पाढा ते अजूनही घाईत म्हणतात.)

मी मधे एक प्रवास करून आले, त्याची हकिगत लिहायला बसले आहे. आधी कारण सांगते. आपली रुपाली यंदा कॉलेज संपवून डॉक्टरी शिकायला जाणार, हे तुम्हांला माहीत आहे. तुम्ही पेढेही वाटलेत. त्यानंतर तिने एक दिवस जेवताना सांगितलं की, तिला मधे एक वर्ष थांबायचं आहे. हे म्हणाले, आपल्या घराण्यात आजवर कुणी थांबलेलं नाही. ती म्हणाली, दॅट्स द प्रॉब्लेम, बाबा. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणजे बोलत होते, पण माझ्यामार्फत. एक मराठीत, एक इंग्रजीत. मी आपली आमटी वाढता वाढता दुभाष्याचं काम करत होते. त्यातच तिने जाहीर केलं की ती आणि तिची मैत्रीण दीपा पाठीला पिशव्या बांधून, बसने, मेक्सिको ओलांडून, बेलीझ नावाच्या देशाजवळच्या एका बेटावर जाणार. विमानाने का नाही, असं मी विचारलं. तर म्हणे, विमानाने गेलं की मधलं काही दिसत नाही.

पुढे दीपाचा पाय मुरगळला आणि तिच्या जागी माझी नेमणूक झाली. नेमणूक तुमच्या बंधूंनीच केली. त्यांचं म्हणणं, गाडीतलं माणूस सिग्नलला उतरून जाऊ शकतं, पण लांबच्या बसमध्ये मुलगी जाईल कुठे? वाटेत तिला समजव. त्यांनी मला मुद्दे पाठ करून दिले आणि औषधासारखे कधी द्यायचे तेही सांगितलं: दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

खरं सांगायचं तर मला फारसा आग्रह करावा लागला नाही. आमच्या शाळेत स्पेनहून आलेल्या सिस्टर कॉन्सुएलो भूगोल शिकवायच्या. भिंतीवरच्या जुन्या नकाशात अमेरिकेच्या पोटाशी बारीक ठिपके होते. मला वाटायचं, खडूची भुकटी उडाली आहे. एकदा मी ते फडक्याने पुसायला गेले तर सिस्टर हसून म्हणाल्या, ते जाणार नाहीत, तूच कधीतरी त्यांच्याकडे जा. मग मॅट्रिक, बी. ए., लग्न, विमान, प्लेनो, रुपाली. सगळं एकामागून एक आलं, मधे थांबा लागला नाही. तक्रार नाही हो. सांगितलं एवढंच.

तर तयारी. रुपालीने मला पाठीवरची एक मोठी पिशवी आणून दिली आणि म्हणाली, आई, फक्त लागेल तेवढंच घे. मी लागेल तेवढंच घेतलं: चार साड्या, थालीपिठाची भाजणी, लिंबाचं लोणचं, छोटा तवा, आणि नारळ. नारळाचं तुम्हांला समजावून सांगायला नकोच. आपल्या घरात समुद्र ओलांडायचा तर आधी दर्याला नारळ द्यायचा. आम्ही अमेरिकेला निघालो तेव्हा, विमान असलं तरी खाली समुद्रच आहे, म्हणून सासूबाईंनी मांडवीला जाऊन नारळ दिला होता. मी प्लेनोच्या सुपरमार्केटमधून एक घेतला, हळदकुंकू लावलं आणि साड्यांत गुंडाळला. आपण जिथे चाललो आहोत तिथे नारळाशिवाय दुसरं काही पिकतच नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (रुपाली म्हणते, सांगितलं होतं, आणि मी तेव्हा तवा शोधत होते.)

डॅलसच्या बसस्टँडवर ती पिशवी पाठीवर चढवली आणि मी सावकाश मागे गेले, ती जमिनीला टेकेपर्यंत. पडले असं म्हणता येणार नाही. कासव उलटं होतं तशी झाले. साडी, कॅनव्हासचे बूट, आकाशाकडे हात. रुपाली धावत आली आणि आधी इकडेतिकडे बघून मग तिने मला उठवलं. मी मनात म्हटलं, हिला माझी लाज वाटते. बावीस वर्षांच्या मुलीला वाटायचीच.

सरहद्द पूल चालत ओलांडून पार केली आणि मेक्सिकोच्या बसमध्ये बसलो. तिथे फुटबॉलचा विश्वचषक नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे कुणाचं कशाकडेच लक्ष नव्हतं. रुपाली शाळेत फ्रेंच शिकली. मला स्पॅनिश येतं, पण एवढंच, की सिस्टर कॉन्सुएलोंनी पाठ करून घेतलेली येशूची प्रार्थना. पहिल्या थांब्यावर एक बाई मक्याच्या भाकऱ्या भाजत होत्या. मला भूक लागली होती. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. त्यांनी पिठाचा हात तसाच कपाळाला, छातीला, खांद्यांना लावला आणि रांगेतल्या सगळ्यांच्या आधी मला भाकरी दिली. त्यानंतर सगळ्या बसने मला जोगीण ठरवलं. साडी पांढरी होतीच. एका आजोबांनी आपल्या छोट्या नातीच्या डोक्यावर माझा हात ठेवायला लावला. मला ऐन वेळी काही सुचेना, मी ‘अखंड सौभाग्यवती भव’ म्हटलं. पोरगी अजून दुधाच्या बाटलीवर होती. भाकरीपर्यंत प्रार्थनेने साथ दिली, पण बाथरूम कुठे आहे हे तिच्यात कुठेच येत नाही. शेवटी ‘आम्हांला संकटातून सोडव’ असं म्हणून पाहिलं. समजलं.

मुद्देही मी इमानाने देत होते. जेवण झालं की घसा खाकरायचा. रुपाली खिडकीकडे बघत म्हणायची, आई, पॉइंट टू सकाळी झाला. थ्री बोअरिंग आहे, स्किप कर. फोर चांगला आहे, त्यात बाबा स्वतः कंदिलावर अभ्यास करतात. चौथा मुद्दा मी अर्धा सांगितला आणि अर्धा तिने.

बेलीझच्या नाक्यावर मात्र मोठा प्रसंग आला. तिथले लोक इंग्रजी बोलतात, नोटांवर राणी आहे. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. पण कस्टमच्या साहेबांनी साड्या उलगडल्या आणि हळदकुंकू लावलेला नारळ वर काढला. फार सभ्य माणूस. म्हणाले, मॅडम, फळं आत आणता येत नाहीत. शिवाय आमच्या देशात नारळ आहेत. मी म्हटलं, ते तुमचे, हा माझा. ते म्हणाले, इथे ठेवून जा. मी म्हटलं, मग मी बोटीत बसणार नाही. मागे रांग वाढत होती. कोंबड्यांची टोपली घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई पुढे होऊन साहेबांना म्हणाल्या, बाई समुद्राला भेट नेतेय, तुला नाही, तू कशाला बघतोस? साहेब त्यांना ओळखत असावेत, कारण गप्प बसले, पण नारळ सोडेनात.

मला वाटलं, आता रुपाली म्हणेल, आई प्लीज, लेट इट गो. ती माझ्या पुढे येऊन उभी राहिली आणि तिने साहेबांना सगळं सांगितलं. आपली आजी, मांडवीचा धक्का, विमान असलं तरी खाली समुद्रच असतो, नारळ फोडून नाही तर अख्खा द्यायचा, आणि दिल्यावर त्याच्याकडे मागे वळून बघायचं नाही. वन्सं, ही गोष्ट मी तिला वेण्या घालताना सांगायचे. ती टीव्ही बघत असायची. मला वाटायचं, भिंतीला सांगते आहे. शेवटी ती म्हणाली, सर, हा नारळ तुमच्या देशात राहणारच नाहीये. तो फक्त पास होतोय. इट इज इन ट्रान्झिट.

साहेबांनी विचारलं, शेवटचा मुक्काम?

समुद्र, ती म्हणाली.

साहेबांनी बराच विचार केला. मग खिशातलं जाड काळं पेन काढून नारळावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं, इन ट्रान्झिट, आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. कोंबड्यांच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

बोट निघाली तशी मी डोळे मिटून नारळ पाण्यात सोडला. बोटवाले विल्फ्रेड यांनी लगेच इंजिन बंद केलं, आकड्याने तो बाहेर काढला, शर्टाला पुसला आणि म्हणाले, मॅडम, पडला होता. मी थँक यू म्हटलं (शाळेचं वळण, जात नाही). थोड्या वेळाने पुन्हा सोडला, तर डेन्मार्कचा एक उंच तरुण कपड्यांनिशी उडी मारून तो घेऊन आला. मूल वाचवल्यासारखी सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मी पुन्हा थँक यू म्हटलं. मग रुपालीने सगळ्या बोटीला नारळाची गोष्ट सांगितली. विल्फ्रेड म्हणाले, मग आधी नाही का सांगायचं, बंदराचं पाणी घाण आहे, बेटाजवळ देऊ. आणि खरंच, बेट दिसू लागल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, टोपी काढली. मला एकही मंत्र आठवेना. मी नुसतं ‘सांभाळ’ म्हटलं आणि नारळ सोडला. आणि मागे वळून बघितलं नाही.

बेटाचं काय सांगू? रस्ते वाळूचे, मोटार नाही, चपला नाहीत. आम्ही उतरलो ते घर मिस इर्मा यांचं. त्या माझ्याच वयाच्या, कुठल्याही प्रश्नाला ‘होईल, सावकाश’ असं उत्तर देतात. तुमचे बंधू तिथे एका दिवसात आजारी पडतील. मिस इर्मांनी मला दोन झाडांना बांधलेल्या झोळीत बसायला सांगितलं. मी बसले आणि ती माझ्याभोवती मिटली. करंजीत सारण असतं तशी मी आत. बाहेर येता येईना, म्हणून पडून राहिले. भर दुपारी, काही न करता, लग्नानंतर पहिल्यांदाच. पाचवा मुद्दा तिथे सांगायचा होता.

त्याआधी रुपालीच बोलली. पायरीवर बसून, आणि चक्क मराठीत. बेटावरच्या शाळेतल्या बाई बाळंतपणाला जाणार आहेत. सप्टेंबरपासून वर्षभर त्यांच्या जागी शिकवायला मिस इर्मा रुपालीला विचारताहेत. डॉक्टरीचं कॉलेज वर्षभर जागा राखायला तयार आहे. ‘आई, मी डॉक्टर होणार आहे. प्रॉमिस. मला फक्त एकदा हळू चालून बघायचंय.’ आणि मग म्हणाली, ‘पण बाबा हो म्हणाले तरच. नाही म्हणाले तर मी ऑगस्टच्या शेवटी परत येईन.’ विचारायची गरज नाही अशा देशात वाढलेली मुलगी विचारत होती. झोळीत अडकलेल्या माणसाला नकार देता येत नाही हो. मान हलवली की सगळं अंगच होकार दिल्यासारखं हलतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस इर्मांच्या स्वयंपाकघरासमोर वाळूत आपला नारळ येऊन पडलेला. कुंकू गेलं होतं, अक्षरं जशीच्या तशी. तेव्हा तुम्हांला विचारायचं ते एवढंच, की दर्याने परत केलेला नारळ घरात घ्यावा की पुन्हा द्यावा? आपल्याकडे काय रीत आहे ते सवडीने कळवावं. घरातल्या सर्वांना यथायोग्य. तब्येतीला जपा, जिना एकदाच.

तुमची,
सुचित्रा

ता. क. कुणी इकडे येणारं असेल तर थोडी आमसुलं पाठवा.

ता. क. दुसरा. नारळाचं विचारलं ते उगीच. तो आम्ही त्याच दिवशी फोडला आणि नारळीभात केला. मिस इर्मा त्यात मासा घालणार होत्या, त्यांना वेळेवर थांबवलं. विचारायचं आहे ते दुसरंच. मी विमानाने एकटी परत आले. विमानतळावर हे माझ्या मागे बघत होते. मी म्हटलं, रुपाली मागून येतेय. किती मागून, ते सांगितलं नाही. त्या बेटावरच्या बोटी फार सावकाश असतात असं सध्या सांगते आहे, पण ते किती दिवस पुरणार? नारळी पौर्णिमेला राखीचा म्हणून दरवर्षी तुम्ही ट्रंक कॉल लावता, हे विचारतात, ताई, ओवाळणी काय पाठवू, आणि तुम्ही म्हणता, काही नको. या वर्षी काही नको म्हणू नका. रुपालीचं एक वर्ष मागा. ते मला नाही म्हणतील, तिला नाही म्हणतील. राखीच्या दिवशी तुम्हांला नाही म्हणायची त्यांची छाती नाही. घाई करायला लागले तर म्हणावं, पोरगी कुठे जात नाही, नुसती इन ट्रान्झिट आहे.

ता. क. तिसरा. ती अक्षरं असलेली अर्धी करवंटी मी घेऊन आले आहे. ह्यांच्या टेबलावर ठेवली, बेटावरची भेट म्हणून. त्यात ते पेनं ठेवतात. वाचतात की नाही, कळत नाही; काल फोनवर पेशंटशी बोलताना अक्षरांवरून बोट फिरवत होते. पौर्णिमेला तुमच्या फोनची घंटा वाजली की मी ती करवंटी थोडी त्यांच्याकडे वळवून ठेवीन.