संडासातलं कॅलेंडर

वॉटफर्ड,
१९ जून २०२४

चि. कुशल यास,
अ. उ. आ.

फोनवर मी ओरडले असते, म्हणून पत्र. तुझ्या हॉलंडमधल्या झीलंडच्या गावात चार दिवस काढून सुखरूप परतले. गाव काय, तर बंधारा, कांद्याची शेतं आणि पुन्हा बंधारा. जमीन समुद्राच्या खाली, तोरा मात्र आभाळात. शेजारच्या योहानाबाईंनी कॉफीबरोबर एक बिस्किट दिलं आणि लगेच डबा बंद केला. अतिथी देवो भव!

ते एक असो. पण जन्मदात्या बापाचं नाव तू संडासाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलंस? खाली माझंही! आई गेल्यापासून अण्णा गप्प असतात, समुद्र बघून बरं वाटेल, म्हणून उन्हाळाभर त्यांना तुझ्याकडे ठेवलं. चुकलंच माझं. पुढच्या शनिवारच्या फेरीबोटीने त्यांना परत आण.

अजून तरी तुझीच ताई,
श्यामला

३ जुलै २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा शनिवार उलटला. अण्णा यायला तयार नाहीत. तुझं पत्र त्यांनीच फोडलं, दोनदा वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले.

अगं, इथे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगतात. तिथे माणूस निवांत बसतो, पाहुणाही वाचतो. योहानाबाईंचे वडील १९५३ च्या पुरात वाहून गेले. त्यांचं नाव बाईंच्या कॅलेंडरात अजून आहे.

आमचं कॅलेंडरही बाईंनी वाचलं असणार. तीस जूनला सकाळीच अण्णांसाठी केक घेऊन हजर! मागे शिंपल्यांच्या बोटीवरचे पीटरकाका आणि अर्धं पोतं कांदे घेऊन एक शेतकरी. इथे वाढदिवसाला घरच्यांचंही अभिनंदन करतात, तेव्हा तुझंही सांगितलंय. अण्णा मोडक्यातोडक्या खुणांनी त्यांच्याशी तासभर बोलत होते. मी समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायला रोज जातो, पण एवढं बोलणं मलाही कधी मिळालं नाही.

फोन मात्र दिवसभर त्यांच्या मांडीवर होता. संध्याकाळी म्हणाले, की श्यामला कामात असेल.

लोभ उरला असेल तर राहू द्यावा.
तुझा,
कुशल

वॉटफर्ड,
१० जुलै २०२४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या नावाच्या अब्रूसाठी मी एवढी तावातावाने भांडले, की त्या नावाची तारीखच विसरले. असं कर्तबगार कन्यारत्न कांद्याच्या गावातही मिळायचं नाही. अण्णा, मला फार लाज वाटली. पत्र वाचून किचनमध्येच रडत बसले.

कुशलला म्हणावं, तुझं बरोबर होतं. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. योहानाबाईंना माझं अभिनंदन पोचल्याचं सांगा. चकल्या पाठवतेय, डबा उघडाच ठेवा.

काल आमच्या संडासात कॅलेंडर टांगलं. समरने त्याच्या बाबांना विचारलं, की मम्मीला बरं आहे ना. त्यात पहिलं नाव तुमचं लिहिलं, मग आईचं. योहानाबाईंच्या वडिलांची तारीख कळवा, तीही लिहीन. आणि परत कधी यायचं ते तुम्हीच ठरवा. ती तारीखही तिथेच लिहून रोज वाचेन.

माझ्यावरची माया आटू देऊ नका.
तुमची विसराळू,
श्यामला