भर समुद्रात व्हॉल्व्हची परीक्षा

नाकाउवुला, कांदावू
रविवार, चर्चहून आल्यावर

आदरणीय एपारामा मामा,

तुमची भाची तोरिका चटईवर खाली बसून, मान लववून तुम्हाला बुला म्हणते आहे असं समजावं. (खरं तर मी टेबलाशी बसले आहे, कारण चटईवर कागद ठेवला की पेन आरपार जातं. पण मनाने मी खालीच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? सिडनीत थंडी सुरू झाली असेल, तेव्हा खोबरेल तेल कोमट करून चोळत जा. मामींना सांगा की त्यांनी पाठवलेला लोकरीचा स्वेटर इथे कोणालाच सोसवत नाही. पण गावप्रमुख नेतानी आजोबांनी तो मागून नेला आणि गावसभेत ते तोच घालून, घाम पुसत बसतात. आमच्या सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. बाबा जेवतात, जाळी दुरुस्त करतात, कमी बोलतात. आईला जाऊन आज एकाहत्तर दिवस झाले.

तुम्ही अॅम्प्लिफायरसाठी पाठवलेल्या काचेच्या व्हॉल्व्हच्या तिन्ही जोड्या बोटीने सुखरूप पोचल्या, एकही काच फुटली नाही. सोबत चिठ्ठी नव्हती. पण सहा व्हॉल्व्ह तुमच्या सहा मोज्यांत एकेक करून गुंडाळलेले पाहिले आणि चिठ्ठीची उणीव भासली नाही. मोजे धुऊन ठेवले आहेत.

हे व्हॉल्व्ह कशासाठी मागवले ते मागच्या पत्रात मी नीट लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. शंभराव्या रात्री शोक उतरेल, वाद्यांवरची बंदी उठेल, आणि पहिलं गाणं आईचं व्हायचं आहे. ते बाबांनी वाजवायचं असं आमच्या आणि तुमच्या दोन्ही गावांनी धरून ठेवलं आहे. बाबा मात्र म्हणतात, मी वाजवणार नाही. कारण विचारलं तर माझ्या आजोबांच्या वेळच्या त्या जुन्या अॅम्प्लिफायरकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "खोक्याचा आवाज गेलाय. व्हॉल्व्ह म्हातारे झाले. तिचं गाणं मी असल्या आवाजात वाजवू?" हे ते आजच म्हणत नाहीत, अकरा वर्षं म्हणत आहेत. आई असेपर्यंत ती दर वेळी "चांगला तर येतोय" म्हणायची आणि ते कुरकुरत वाजवायचे. आता चांगला तर येतोय म्हणणारं कोणी उरलं नाही. मी एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी उठून भांडी घासायला गेले.

मामा, मी या घरातली पहिली पदवीधर. माझा झग्यातला फोटो भिंतीवर येशूच्या शेजारी लावला आहे. (जरा वरच लावला होता. आईनेच लावला होता. पाद्रीबाबा येऊन गेल्यावर तिने तो चार बोटं खाली घेतला.) भौतिकशास्त्र शिकून आलेल्या मुलीच्या घरात एक खोकं गप्प असावं आणि त्यापायी तिच्या आईचं गाणं राहून जावं, हे मला सहन होईना. आवाज बदलायचा तर व्हॉल्व्ह बदलायचे, हे पुस्तकात आहे. कोणत्या व्हॉल्व्हने आवाज स्वच्छ निघतो, कोणत्याने जाडसर, कोणता जोर लावताच घोगरा होतो, हे ऐकून ठरवावं लागतं, हेही पुस्तकात आहे. पण जिथे शंभर रात्री गिटारची तार छेडायची नाही, अशा गावात ऐकायचं कसं, हे मात्र पुस्तकात नाही.

तुमच्या गावातही तोच शोक, कारण आई तिथली लेक. म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. अंतर दुप्पट झालं की आवाजाचा जोर चौथाई होतो, तेव्हा प्रवाळाच्या कड्यापलीकडे अमुक अंतर गेलं की गावाला काहीही ऐकू येणार नाही. हा कागद मी तुमच्या चिरंजीवांना दाखवला. वाईसाके सिडनीला कंटाळून परत आल्यापासून सभेत घोटून पितात त्या यांगोनाच्या मुळांची लागवड करतो आणि उरलेल्या वेळात माझी टिंगल करतो. आते-मामे भावंडांना तो हक्कच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने कागद उलटा धरून वाचला आणि म्हणाला, "ग्रॅज्युएटबाई, म्हणजे आपण माशांना गाणं ऐकवायला जायचं?" मी म्हटलं, तुला गिटार येते आणि मला शास्त्र येतं, तू फक्त सांगेन तेवढं कर. तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याची दया येते." मी म्हटलं, अजून तो नाही. तो म्हणाला, "म्हणून तर आत्ताच दया करून घेतो."

गेल्या मंगळवारी आम्ही शाळेचा छोटा जनरेटर, खोकं, गिटार आणि सहा मोजे असं सगळं होडीत घातलं. (कोणी विचारलं तर मोजमापाला जातो आहोत असं सांगायचं ठरलं होतं. ते खोटं नव्हतं.) परीक्षा निःपक्षपाती व्हावी म्हणून मी पुढच्या टोकाला पाठ करून बसले आणि डोळ्यांवर फडकं बांधलं. वाईसाकेने जोडी बदलायची, नंबर पुकारायचा आणि तेच एक कडवं वाजवायचं. मी न बघता वहीत गुण लिहायचे. लाटा होत्या, जनरेटर खोकल्यासारखा चालत होता, आणि पहिल्या जोडीनंतर मागून वाईसाकेची एक मोठी आरोळी ऐकू आली. पण मी वळले नाही, कारण शिस्त म्हणजे शिस्त. तिन्ही जोड्यांचे निकाल माझ्याजवळ आहेत. पहिली जोडी : स्वच्छ, पण कोरडी. दुसरी : भरदार, थोडी आळशी. तिसरी : गोड, कडांना किंचित घोगरी, आईच्या आवाजाला शोभेल अशी. फरक इतका स्पष्ट होता की तिसरीच्या वेळी फडक्याखाली माझे डोळे भरून आले, आणि तेही मी वहीत नोंदवलं आहे.

परत आलो तेव्हा किनाऱ्यावर अख्खं गाव उभं होतं. बाबा सगळ्यांच्या पुढे, कमरेइतक्या पाण्यात, हातात अर्धवट जाळं. होडीत आमच्यामागे आणखी कोणी आहे का ते बघत राहिले आणि म्हणाले, "एपारामा आलाय?" मी म्हटलं नाही, वाजवणारा वाईसाके होता. त्यांनी वाईसाकेकडे बघितलं, "हात बापाचाच आहे" म्हणाले आणि वळून घरी गेले. (वाऱ्यावरून आलेला आवाज ऐकताना माणसाची अशी चूक होऊ शकते. मी ती तिसऱ्या जोडीच्या बाजूने नोंदवली.)

संध्याकाळी नेतानी आजोबांनी स्वेटर घालून सभा बोलावली. आईच्या शोकात आवाज केला होता, तोही तिच्या लेकीने. मी हिशेबाचा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि विचारलं, "पोरी, चार वर्षं सुवाला कॉलेजात होतीस. वारा कुठून कुठे वाहतो ते शिकवलं नाही का त्यांनी?" मामा, वारा मी धरलाच नव्हता. या बेटावर जन्मलेली मी, आणि दुपारी वारा समुद्रावरून गावाकडे येतो हे सोडून बाकी सगळं धरलं होतं. माफी मागायला यांगोनाच्या मुळांची जुडी बाबांनी स्वतः सभेपुढे वाहिली. माझ्यासाठी माझे बाबा मान खाली घालून सगळ्यांसमोर बसले, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. सभेने माफ केलं. वाईसाकेला आणि मला दफनभूमीचं गवत काढण्याचं काम मिळालं. ते मी रोज आनंदाने करते आणि तो रोज बोलत बोलत करतो.

तर सांगायचं ते इतकंच की तिसरी जोडी ठरली आहे. तुमचे उपकार फार मोठे आहेत. तुमच्यात आणि बाबांत अकरा वर्षांपूर्वी चर्चच्या सणाला जे झालं त्यात मी पडत नाही. (आवाजाचं बटण सहावर ठेवायचं की सातवर, यावरून दोन प्रौढ माणसांनी बोलणं सोडावं का, हा माझा विषय नाही.) मामींना नमस्कार. देव तुम्हाला तिथल्या थंडीत सांभाळो.

तुमची आज्ञाधारक भाची,
तोरिका

ता. क. पत्र पाकिटात घालणार होते, पण आज गवत काढताना वाईसाकेने एक गोष्ट कबूल केली. पहिलं कडवं वाजवून त्याने व्हॉल्व्ह काढायला हात घातला आणि बोटं भाजली. ती आरोळी त्याचीच. त्यानंतर त्याने काहीच बदललं नाही, नुसतं "दोन नंबर", "तीन नंबर" ओरडला. पहिली जोडीही त्याने घातली नव्हती. तुमचे सहाही व्हॉल्व्ह मोज्यांतून बाहेर आलेच नाहीत. माझे तिन्ही निकाल जुन्याच व्हॉल्व्हचे आहेत. कोरडी, आळशी, गोड, सगळी तीच. "मला वाटलं तू ओळखशील," असं तो म्हणाला. मी वही दफनभूमीतच मिटली.

ता. क. २. मग मी घरी येऊन खोकं स्वतः उघडलं. जुने व्हॉल्व्ह ठणठणीत आहेत. पण पुढच्या बाजूला गिटारची वायर खुपसायची दोन भोकं आहेत ना, त्यातल्या दुसऱ्यात मासीचा, आपल्या सालीच्या कापडाचा बोळा होता, काळ्या नक्षीचा. बाबांना विचारलं. म्हणाले, "तुझ्या आईने घातला. झुरळं जातात म्हणून." कधी घातला? "एपारामा सिडनीला गेला त्या आठवड्यात." मामा, हे मी आता वारा धरून लिहिते आहे. तुमची आणि बाबांची, अशा दोन गिटारी एकाच खोक्यात घातल्या की दोघींचा जोर त्याच दोन व्हॉल्व्हवर पडतो, आणि आवाज जाड होतो, कडांना घोगरा होतो. बाबा ज्याला गेलेला आवाज म्हणतात तो हाच आहे. तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. मी तुमची वासू आहे. बहिणीचं लेकरू मागेल ते मामाने द्यायचं, हा नियम मी केलेला नाही. मी व्हॉल्व्ह मागितले, ती माझी मागण्यातली चूक होती. एकोणतीस दिवस उरले आहेत. तुम्ही दफनाला आला नाहीत, त्याबद्दल इथे कोणी काही बोलत नाही. मीही बोलणार नाही. या. मोजे इथेच आहेत, येऊन घेऊन जा. (तुम्ही येताय असं मी नेतानी आजोबांना सांगून टाकलं आहे. मेजवानीला तुमच्या नावाचं डुक्कर ठरलं आहे.)

ता. क. ३. बाबांनी आत्ता येऊन विचारलं, एवढं लांबलचक कोणाला लिहितेस? मला खोटं बोलता येत नाही, सांगितलं. ते खोक्याजवळ गेले, तो मासीचा बोळा उचलून खिशात ठेवला आणि जाता जाता म्हणाले, "त्याला लिही, सहाच्या वर न्यायचं नाही."