वजनाने हलकी, प्रतीने नव्हे

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
सावरपाट परिक्षेत्र,
ता. यावल, जि. जळगाव.

अर्जदार : चिंधा उखर्डू कोळी, वनमजूर, वय ५७ वर्षे.

विषय : मुक्कामी गस्तीसाठी पाठीवरून नेता येईल अशी चटई मंजूर करणेबाबत, व त्या चटईपायी अर्जदारास रोपवाटिकेवर बसवल्याचा आदेश रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) चटईची पहिली मागणी, दि. ६ ऑक्टोबर २०२५.
२) त्यावरील आपले उत्तर व दोन गाद्या, दि. २९ ऑक्टोबर.
३) दुसरी मागणी, दि. १७ नोव्हेंबर.
४) आपला आदेश, दि. १० डिसेंबर.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, हा अर्ज अर्जदाराच्या सांगण्यावरून बीट वनरक्षक सारिका प्रेमराज पाटील यांनी लिहून दिला आहे. मजकुरात कुठे राग डोकावल्यास तो लिहिणारीचा समजावा. अर्जदारांना राग येत नाही, हीच लिहिणारीची मोठी अडचण आहे.

१. अर्जदार एकतीस वर्षे या परिक्षेत्रात पायी गस्त घालत आहेत. जीप जिथे थांबते त्याच्या पुढचा तीन दिवसांचा सातपुडा त्यांच्या पायाखालचा आहे. पीठ, पाणी, पातेले, दोर, कोयता हे सगळे पाठीवर असते. झोपायला आजवर गोणपाट होते. वय झाले तशी जमिनीची थंडी हाडांत शिरू लागली, आणि अर्जदार कूस बदलून बदलून सकाळी कंबर धरून उठू लागले. ते पाहून वनरक्षकांनी संदर्भ १ नुसार 'दोन हलक्या चटया मिळाव्यात' असे लिहिले. घोळ झाला तो या एका शब्दाने, आणि तो शब्द अर्जदारांचा नव्हता.

२. संदर्भ २ मध्ये आपल्या कार्यालयाने कळवले की, हलक्या प्रतीचे साहित्य खरेदी करणे नियमात बसत नाही, सबब उत्तम प्रतीच्या दोन गाद्या पुरवण्यात येत आहेत. गाद्या खरोखरच उत्तम होत्या. अकरा किलोची एक, शुद्ध कापूस, वर फुलाफुलांची खोळ. त्या भरणारे यावलचे नासीरभाई गादीवाले स्वतः पोचवायला आले आणि गस्तीचे नाव ऐकून कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, मैंने तो दूल्हे की गादी समझ के भरी. ये पहाड़ पे कौन चढ़ायेगा?" चढवणारे अर्जदारच होते.

३. वनरक्षकांनी स्वतःच्या वाटची गादी चौकीतच ठेवली. अर्जदारांनाही ठेवा म्हणून सांगितले. पण गादीवर साठा क्रमांक पडलेला, आणि ज्या कामासाठी सरकारने वस्तू दिली त्या कामाला ती न नेणे अर्जदारांच्या मनाला पटेना. त्यांनी ती डोक्यावर घेतली. वरच्या पाड्यावर बायांनी लग्न कोणाकडे आहे म्हणून विचारले. दुसऱ्या दिवशी नाला ओलांडताना गादीचे एक टोक पाण्यात गेले, कापसाने पोटभर पाणी पिऊन घेतले, आणि पुढच्या चढावर अर्जदारांच्या पाठीत उसण भरली. तरीही त्यांनी गादी खाली टाकली नाही. ओली गादी घेऊन ते वाकलेल्या कमरेने चौकीत परतले आणि आधी ती उन्हात पसरली, मग स्वतः बसले. वनरक्षकांना हे बघवले नाही. घरी जाऊन त्या रडल्या, हेही इथे नमूद करण्यास हरकत नसावी.

४. संदर्भ ३ मध्ये 'वजनाने हलकी, प्रतीने नव्हे' असा खुलासा करून पुन्हा मागणी केली. त्यावर नमुने तपासून अहवाल द्यावा असे तोंडी कळवण्यात आले. नमुने वनरक्षकांनी स्वतः गोळा केले आणि अर्जदार प्रत्येकावर निजले.

पहिली हवेची गादी. घडी केली की तांब्याएवढी होते, पाठीला जाणवतही नाही. मात्र कूस बदलली की करकरते. पाणवठ्यावर त्या दिवशी प्राणी मोजायचे होते. अर्जदारांनी जरा हालचाल केली की सांबर थबके, शेवटी कोणीच पाण्यावर आले नाही. प्राण्यांचा तक्ता कोरा राहिला. पुढे बोरीच्या काट्याने गादीचा जीव घेतला तेव्हा जंगलाने सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसरी शिंदीच्या पानांची चटई, पाड्यावरच विणलेली. तिला काट्याचे भय नाही, आवाज नाही, पण खालची थंडी ती जशीच्या तशी वर पोचवते.

तिसरी घड्या पडणारी फोमची चटई, बोटभर जाडीची. पाणी पीत नाही, फुगवावी लागत नाही, भोक पडले तरी चटईच राहते. पसरायला वेळ लागत नाही आणि पिशवीला बाहेरून बांधता येते. अर्जदार तिच्यावर निजले आणि सकाळी कमरेला हात न लावता उठले. तीच निवडावी असा अहवाल दिला. इथे प्रकरण संपायला हवे होते.

५. परंतु आपल्या कार्यालयाने वजनाची पावती मागितली, आणि ती प्रमाणित काट्यावरचीच हवी होती. गावात प्रमाणित काटा एकच, केळीच्या वखारीतला. तो घडांच्या राशी तोलतो, अर्ध्या किलोच्या वस्तूची त्याला दखलच नाही. पावतीवर वजन शून्य आले. कार्यालयाने लिहिले की, शून्य वजनाच्या वस्तूची साठा नोंदवहीत नोंद घेता येत नाही. म्हणून अर्जदार चटई काखेत धरून काट्यावर उभे राहिले, मग चटई बाजूला ठेवून उभे राहिले. दोन्ही वेळा काटा चोपन्नावर. दोन्ही पावत्या जोडून पाठवल्या. हे वजन माणसाचे आहे, चटईचे नव्हे, असे लिहायला हवे होते. ते राहिले. हीसुद्धा वनरक्षकांचीच चूक.

६. त्या पावत्या व अहवालातला कमरेचा उल्लेख पाहून संदर्भ ४ चा आदेश निघाला. 'सदर वनमजूर वजनाने हलका व पाठीने अधू आढळल्याने मुक्कामी गस्तीस अपात्र असून त्याने रोपवाटिकेच्या फाटकावर बसावे.' मागणी चटईच्या वजनाची होती, महोदय. तोलला गेला माणूस.

७. अर्जदार आठवडाभर फाटकावर आहेत. आराम पडावा म्हणून ती अकरा किलोची गादी वाळवून तिथल्या बाकावर घातली आहे. अर्जदार तिच्यावर टेकतात, उठतात, फाटकापर्यंत जातात, कडी बघतात, परत येतात. रोपांना एकदा पाणी घालून झाले की पुन्हा झारी उचलतात. त्यांच्या पत्नी कमलबाई डबा घेऊन येतात, तो तसाच परत जातो. त्यांनी वनरक्षकांना विचारले, "ताई, यासले काय व्हयनं? घरमा बी फिरतस नुसतं." कोणत्या पाणवठ्यात पौषापर्यंत पाणी टिकते आणि कोणत्या खिंडीतून लाकूडचोर उतरतात, हे ज्यांना ठाऊक ते फाटकाची कडी मोजत बसले आहेत. नव्या माणसाला हे शिकवायला एकतीस वर्षे लागतील.

८. सबब विनंती की, तिसरी चटई कोणत्याही वजनाची समजून मंजूर करावी, अर्जदाराची पाठ डॉक्टरांनी तपासावी, त्यांची पात्रता वजनावरून ठरवू नये, आणि आदेश रद्द करावा. चटई व अर्जदार यांपैकी एकच मंजूर करणे शक्य असल्यास चटईची मागणी मागे घेण्यात येत आहे.

९. पुढील गस्त सोमवार, दि. २२ डिसेंबर रोजी सकाळी निघेल. अर्जदार आदेशाशिवाय वर जाणार नाहीत. एकतीस वर्षांत ते कधी गेलेले नाहीत. वनरक्षकांनी त्यांना आग्रह करून पाहिला, तोही त्यांनी मानला नाही.

आपल्या सहीवर ज्याचे पाऊल अडले आहे असा आपला नम्र,

(सही) चिंधा उखर्डू कोळी
वनमजूर

लिहून देणार : (सही) सा. प्रे. पाटील, वनरक्षक
दि. १६ डिसेंबर २०२५

सोबत : १) वखारीच्या तीन पावत्या.
२) फोमच्या चटईचा हातभर तुकडा.
३) अर्जदाराचा जबाब, त्यांनी सांगितला तसाच, खाडाखोड न करता :

"साहेब, मी शिरपूरकडना. लिखता येत नही, सही येस. मना पाठले आते बरं शे. गादी चांगली शे, पन तिनावर माले झोप येत नही. ताईवर रागावू नका, तिनी मनाकरताच बठ्ठं करं. माले चटई नही दिधी तरी चाली. माले वर धाडा. तठे दगडवर बी माले झोप लागस."