लीव्हेन, तू माळ्यावरून का उतरलास?

प्रिय लीव्हेन,

भाकरीच्या टोपलीतून हे पत्र पाठवतेय. वाचून झालं की गिळून टाक. तुरुंगातल्या भाकरीपेक्षा मऊच लागेल.

आपली तान्ही नेल बरी आहे, आता मान धरते. तुझ्या मागावर अर्धं कापड तसंच आहे. शेजारची बार्बेल म्हणाली, "अगं, मी विणून पुरं करते, विकून टाक." मी तिला हात लावू दिला नाही. नदीत धाग्यासाठी जवसाच्या पेंढ्या भिजत घातल्यात, गावभर तोच घाण वास. तुला तो आवडायचा. तुझं सगळंच उफराटं.

मी अजून तुझ्यावर रागावले आहे. कोतवालाने दार ठोठावलं तेव्हा मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "तो घरात नाही, गेंटला गेलाय." आपल्या पंथाच्या मंडळीत कोणी खोटं बोलत नाही, हे त्यालाही ठाऊक. म्हणून तर त्याचा विश्वास बसला, टोपी चढवून तो निघालाही होता. आणि तू माळ्यावरून उतरलास! म्हणालास, "आहे मी. माझ्यापायी हिला खोटं बोलायला लागू नये." कोतवालच बिचारा पुटपुटला, "अरे मूर्खा, मी काही ऐकलं नाही, वर जा." तू गेला नाहीस. माझं एक खोटं तुला सहन झालं नाही. तुझ्याशिवायचे दिवस मला कसे सहन होतील, याचा विचार केलास का रे?

शुक्रवारी तुला जाळायला चौकात लाकडं रचतील. तू लोकांशी बोलू नयेस म्हणून जिभेला चिमटा लावणार आहेत. मी येईन. नेलला घेऊन विहिरीपाशी उभी राहीन, तिकडे बघ.

काल पाद्रीबुवा आले होते. म्हणाले, रविवारी नेलला देवळात नेऊन बाप्तिस्मा दिला, तर मला सोडतील. नाहीतर तिला मठात टाकतील आणि मला तुझ्यामागून चौकात नेतील. बाप्तिस्मा कळत्या वयात, आपणहून घ्यायचा, असं आपण मानतो. तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी ओतून तो होत नाही. एवढ्यासाठीच तर तू जळणार आहेस. लीव्हेन, मी नेलला नेणार आहे. तू गेल्यावर गुपचूप नेता आलं असतं, तुला कधीच कळलं नसतं. कोतवालाशी खोटं बोलले, पाद्रीबुवांशी बोलेन, साऱ्या गावाशी जन्मभर बोलेन. तुझ्याशी नाही बोलवलं.

तुझीच, शुक्रवारनंतरही तुझीच,
पीरिने