ताईची नळी परत न येण्याचं कारण

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. शिरसाष्टांग घालणार होतो, पण हल्ली मी कुंड्यांना चहाच्या पातेल्याने पाणी घालतो आणि कंबर साध्या नमस्कारालाही कुरकुरते. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला आणि त्यावरची त्यांची भाषणं, दोन्ही आटोक्यात असतील. तुझं पत्र मिळालं. त्यात तुझी बागेची नळी पहिल्या ओळीत आहे आणि माझी प्रकृती शेवटी, समासात, आडवी. नळी मी मागच्या उन्हाळ्यात 'आठवड्यासाठी' नेली हे मान्य. पण ती आता माझ्या ताब्यात नाही. तिचं हृदय झालं आहे.

(माझं डोकं ठिकाणावर आहे. पुढे वाच.)

झालं असं, की सूनबाईला दिवस गेलेत. तुला आजच कळवतोय, कारण आम्हालाच धड कळत नव्हतं. पहिल्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ठोके अजून दिसत नाहीत, कदाचित फार लवकर आलात, दोन आठवड्यांनी या. आता हे 'कदाचित' घेऊन चार माणसांनी एका घरात राहायचं कसं? चिरंजीव तोच तो पंखा पुन्हा पुन्हा पुसू लागले. सूनबाई बोलायचीच थांबली. मी धीर द्यायला दोन शब्द बोललो की तुझी वहिनी मला कुंड्यांकडे पिटाळायची.

वहिनी शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि गप्प बसलेली माणसं दिसली की तिला तो वर्ग वाटतो. एका संध्याकाळी तिने नळी माझ्या हातून काढून, ठिबकत्या पाण्यासकट, बैठकीत आणली. एक टोक मला दिलं, एक चिरंजीवांना. म्हणाली, हृदय सुरुवातीला एवढंच असतं. आधी दोन बारीक नळ्या, मग त्या जुळून एक. खोल्या नाहीत, दारं नाहीत, तरी ठोके सुरू. आणि जागा म्हणशील तर अगदी आधी डोक्याच्याही पुढे, मग अंग दुमडत जातं तसं ते खाली छातीत येतं. (भाऊजींचं अजून उतरायचं आहे. पत्र तूच त्यांना वाचून दाखवतेस, हा कंस गाळशीलच.)

पुढे नळी लांब होत जाते, पण दोन्ही टोकं पक्की आणि जागा तेवढीच. मग जाईल कुठे? वाकते. दोन खोल्यांच्या घरात तिसरं कपाट आलं की आपण वाकतो तशीच. मग आत भिंती उभ्या राहतात, चार कप्पे होतात, आणि वरच्या दोहोंमधली एक खिडकी जन्मापर्यंत उघडीच राहते, कारण फुप्फुसांना तोवर काम नसतं.

"आता उजवीकडे वाकवा," वहिनी म्हणाली. मी सगळा जोर लावून वाकवली.

"उजवीकडे म्हटलं मी."

"मग हे काय आहे? याच हाताने जेवतोय आजवर."

चिरंजीव म्हणाले, माझ्याकडून तर हे डावं दिसतंय. वाद चांगला रंगला होता, तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला, "बाबा, बाळाचं उजवं. तुमचं नाही. ते आपल्याकडे तोंड करून आहे."

सूनबाई. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. ती उठली, माझ्या हातातला वळसा काढून उलटा फिरवला आणि केसांच्या रिबिनीने बांधून टाकला. मग हसली, मग थोडं रडली, मग जेवली. मी तोंड उघडणार होतो, तर म्हणाली, बाबा, तुम्ही नुसतं टोक धरा.

काल पुन्हा सोनोग्राफी झाली. मी बाहेर बाकावर होतो (टोक धरायला काही नव्हतं, म्हणून पिशवी धरली). चिरंजीव बाहेर आले. नुसती माझ्यासमोर मूठ उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. मला वाटलं, गाडी लावायला सुटे पैसे मागतोय. खिसा चाचपत होतो, तेव्हा कुठे उजेड पडला.

सगळ्यांना यथायोग्य.

तुझा धाकटा

ता.क. वहिनी म्हणते, इतक्यात कुणाला सांगू नका. मी म्हटलं, ताईच्या पोटातून शब्द बाहेर जात नाही. त्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ हसत होती.

ता.क. दुसरा. सूनबाई विचारते, आत्याबाई थोडे दिवस राहायला येतील का? खरं तर एवढंच लिहायचं होतं. मलाही बरं वाटेल, पण ते कारण धरू नकोस.

ता.क. तिसरा. सोबतच्या गुंडाळीत नवी नळी आहे, जुनीपेक्षा हातभर लांब. जुनी सूनबाईच्या खोलीत खिळ्याला आहे, उजवीकडे वाकलेली. बाळाच्या.