टॉवेल राखायला गेलेली

आई, गेल्या आठवड्यात मी तुझ्या नातीच्या शाळेबरोबर वाळपईच्या पुढं रानात राहून आले. तिथं नदीकाठी मुलांसाठी शिबिराची जागा आहे. तंबू, दोरीचे पूल, चढायला लाकडी भिंत, आणि झावळ्यांनी शाकारलेलं जेवणघर. मुलींबरोबर कुणाची तरी आई हवी, असं बाईंनी पालकसभेत विचारलं आणि माझा हात वर गेला. नात घरी येऊन रुसली. कुणाचीच आई येत नाही, तू आलीस की सगळी मला हसणार, म्हणाली. बसमध्ये ती मैत्रिणींच्या घोळक्यात बसली आणि डिचोली मागं पडली तरी माझ्याकडं वळून बघेना. मी तिथं कांदे चिरले, वाळपईहून आलेले उंडे पाव वाटले, सकाळी सगळ्या पोरींच्या वेण्या घातल्या. सगळ्यांच्या, फक्त तिची नाही. ती स्वतःच वाकडीतिकडी घालून मोकळी झालेली.

शेवटच्या सकाळी मुलांना नदीत उतरवायचं होतं. शिकवणारा मुलगा बेळगावकडचा, शांत स्वभावाचा. त्यानं सगळ्यांना तरंगायची जाकिटं चढवली आणि मला म्हणाला, काकी, तुम्ही टॉवेल राखा. मी टॉवेलांच्या ढिगाशेजारी बसले. बाकीची पोरं धपाधप पाण्यात पडली. नातीची एक मैत्रीण तेवढी काठावर उभी राहिली. जाकीट घट्ट धरलंय. त्या मुलानं समजावलं, बाईंनी समजावलं. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं तशी ती रडायलाच लागली.

तेव्हा मला इब्रामपूरची आपली नदी दिसली. गोवा राज्य नुकतंच झालं होतं आणि मी सातवीत होते. शाळेची सहल तळ्याकाठच्या तंबूंत राहायला जाणार होती. तू सरळ नाही म्हणालीस. मी चुलीपुढं पाय आपटले, तर हातातली कालथी खाली न ठेवता म्हणालीस, एकदा सांगितलं ना. माझ्या वर्गातली मुलं बसनं गेली त्या सकाळी मी जेवले नाही. तू आजीला सांगितलंस, गोधड्या धुवायला नेते, आणि बोचकं माझ्या डोक्यावर दिलंस. नेहमीचा घाट ओलांडून तू पुढं चाललीस, पार कोंडीतल्या खोल पाण्यापर्यंत, जिथं आम्हां पोरांना जायला बंदी. तिथं बोचकं उतरवलंस, लुगड्याचा काष्टा घट्ट केलास, आणि मी काही विचारायच्या आत खडकावरून पाण्यात उडी घेतलीस.

मला वाटलं, गेली माझी आई. मी किंचाळायला तोंड उघडते आहे तोवर तू नदीच्या मध्यावर वर येतेस, केस कपाळाला चिकटलेले, आणि हसतेस. तशी हसताना मी तुला स्वयंपाकघरात कधी पाहिलं नव्हतं. माहेरच्या नदीत तू लहानपणी पोहायचीस, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तू काठाशी येऊन हात पुढं केलास. "पेंवूक येयनाय तवसर तुका पाण्याकडे कशी धाडू?" म्हणालीस. मला पोहता येत नव्हतं म्हणून तू सहलीला नाही म्हणाली होतीस तर. मग म्हणालीस, "भियां नको गो. मी आसंय हय." त्या मे महिन्यात आपल्या घरच्या गोधड्या जितक्या धुतल्या गेल्या, तितक्या गावात कुणाच्याच धुतल्या गेल्या नसतील.

मी टॉवेल सोडून उठले. चुडीदारासकट पाण्यात उतरू लागले, तर त्या बेळगावच्या मुलानं अडवलं, जाकीट घातल्याशिवाय नाही म्हणाला. त्याचा पट्टा माझ्या पोटावर पुरेना. दोघा पोरांनी ओढून बसवला आणि पाण्यात पाय सुटले तशी मी फुगलेल्या उंड्यासारखी वर आले. सगळी खो खो हसली. रडणारी पोरगीही हसली. मी तिच्यापुढं हात धरले आणि तुझेच शब्द, तुझ्याच बोलीत, तोंडातून निघाले. घरी मी असं बोलत नाही. पोरीनं एक पाय पाण्यात घातला, मग दुसरा, मग माझ्या मनगटाला अशी लटकली की वळ उठले. थोड्या वेळानं तीच मला सोडून पुढं गेली.

मी तशीच पलीकडच्या खडकापर्यंत हात मारत गेले. इतक्या वर्षांनी हात आपोआप चालत होते. वळून बघते तर तुझी नात पाण्यात उभी, तोंड उघडं.

"आई, तुका पेंवूक येता?" मैत्रिणींशी बोलते त्या बोलीत तिनं विचारलं.

येतं, म्हटलं. कुणी शिकवलं, तर म्हटलं, तुझ्या आजीनं. तिनं तुला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय, डोक्यावर पदर घेतलेली. ती मैत्रिणींना ओरडून सांगू लागली की माझी आजी खडकावरून उड्या मारायची. मग आमची शर्यत लागली. ती जिंकली, आणि मी मुद्दाम हरले नव्हते. जेवताना ताट घेऊन ती माझ्या शेजारी येऊन बसली, तिच्या वाटणीची पातळ भाजी माझ्या ताटात ओतली, आणि ओले केस माझ्याकडं करून म्हणाली, घाल वेणी.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुला एक सांगून ठेवते. पुढच्या वर्षी तिचा वर्ग त्या शिबिराला जाणार नाही, दुसराच जाईल. तरी परत येताना बसमध्ये मी बाईंना हळूच सांगून टाकलं, कुणाची आई मिळाली नाही तर मी येईन. मिळाली तरी येईन. नातीला अजून बोलले नाही.