राखीव कॉम्प्युटरने दिलेली मृत्युवार्ता

केंडू बे, मंगळवार, दुपारचं जेवण उरकून

आदरणीय जाशोन भाऊजी,

डोर्काचा नमस्कार पोचावा. मोम्बासाच्या दमट हवेत तुमचा गुडघा बरा असेल आणि क्रेनवर चढताना तुम्ही अजूनही खाली बघत नसाल, अशी आशा आहे. इकडे सरोवर जागेवर आहे. काळी शेळी व्याली. रिस्पा आत्यांचे दात गेले, पण आवाज शाबूत आहे. त्याच आवाजात त्यांनी तुमचा निरोप मला चौथ्यांदा दिला : एल्कानाला जाऊन तीन वर्षं झाली, आता त्याच्या घरात, त्याच्या विधवेचा नवरा म्हणून, भावाने उभं राहावं, तशी रीत आहे. निरोप पोचला. उत्तर देते, पण त्याआधी गेल्या बुधवारी आमच्या रेडिओ केंद्रावर काय घडलं ते सांगते. तुम्ही ते आत्यांकडून ऐकलंत तर त्यात भूत असेल.

एल्काना रोज संध्याकाळी सहाला मृत्युवार्ता वाचायचा आणि मी शेजारी बसून चिठ्ठ्या लावून द्यायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. (आता चिठ्ठ्याही मीच लावते आणि वाचतेही मीच. लोक म्हणतात माझ्या तोंडून मेलेला माणूस जरा जास्तच मेल्यासारखा वाटतो.) तो असतानाच एकदा वीज पडून केंद्राचा कॉम्प्युटर गेला होता. तेव्हा पास्टर हेझ्रॉननी किसुमूहून मोरा नावाच्या बाईंना बोलावलं. मोरा किसी जमातीच्या आहेत, दोन मुलांची आई, बोलायला फटकळ. त्यांनी क्लाउडवर एक राखीव कॉम्प्युटर घेऊन दिला. आमचा चालू असेल तोवर त्याने झोपायचं आणि आमचा पडला की उठून काम हातात घ्यायचं.

मला त्या कॉम्प्युटरबद्दल फार कुतूहल. तो आहे कुठे, असं मी मोराबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तसा तो कुठेच नाही मावशी. परदेशात एका मोठ्या इमारतीत मोठी यंत्रं आहेत, त्यातल्या एकाच्या पोटात आपल्याला खोली मिळाली आहे, आणि त्या खोलीच्या भिंतीसुद्धा फक्त कागदावर आहेत. मग झोपलेला असताना त्याला आपलं काही कळतं का? नाही. स्वतः दुसऱ्या नंबरचा आहे हे तरी त्याला कळतं? मोराबाईंनी चहा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, हे मला आजवर कोणी विचारलं नाही. बँकवाल्यांनीसुद्धा नाही." त्यांनी ठेवून दिलेलं कॉम्प्युटरचं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश घेऊन दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त आवडलं.

पास्टरांची शंका मात्र एकच होती. तो कॉम्प्युटर शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी काम करणार का? मोराबाई म्हणाल्या, तो झोपलेला असतो. पास्टर म्हणाले, मग हरकत नाही. तिथे विषय संपला आणि तिथेच आमचं चुकलं. त्या राखीव कॉम्प्युटरला आमच्याकडचं नवं सगळं आठवड्यातून एकदा पाठवावं लागतं. मोराबाईंनी पहिली नक्कल एका मंगळवारी स्वतः बसून करून दिली. पुढच्या नकला आपोआप होणार होत्या. त्यासाठी तुमच्याकडे कमी कामाचा दिवस कोणता, असं त्यांनी विचारलं. पास्टर अभिमानाने म्हणाले, "शनिवार. शनिवारी इथे पान हलत नाही." खरंच हलत नाही. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत भिंतीवरचं मोठं बटण मी स्वतःच्या हाताने बंद करते आणि शनिवारी सूर्य बुडाल्यावर चालू करते. म्हणजे नक्कल करायला जेव्हा कॉम्प्युटर जागा हवा, नेमका तेव्हाच तो मी बंद केलेला. एकशे सत्तरच्या वर शनिवार झाले, भाऊजी. एकही चुकवला नाही.

बुधवारी साडेचारला सरोवराकडून वादळ आलं आणि वीज पडली. कॉम्प्युटरला जळक्या शेंगदाण्यांसारखा वास सुटला आणि तो गेला. वीस मिनिटांत क्लाउडवरचा उठला. आम्ही टाळ्या वाजवल्या, पास्टरांनी प्रार्थना केली. सहा वाजता यादीतली सगळ्यांत नवी, रेकॉर्ड केलेली मृत्युवार्ता वाजवायची, एवढं त्याला शिकवलेलं होतं. त्याच्याजवळ सगळ्यांत नवी होती ती तीन वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारची. त्याने ती इमानदारीने वाजवली.

एल्काना बोलला. "सरोवरकाठच्या लोकांनो, बसा, दुःखाची बातमी आहे."

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. जुन्या बातम्या आमच्याकडे सहा महिन्यांनी पुसतात, जागा पुरत नाही म्हणून. तो गेल्यावर त्याचा आवाज ठेवायला हवा हे मला सुचेपर्यंत तो पुसून झाला होता. तीन वर्षं मी तो ऐकला नव्हता. कपडे होते, चष्मा होता, आवाज नव्हता.

मोराबाईंचा लगेच फोन आला. त्या किसुमूतून ऐकत होत्या. "मावशी, हे जुनं आहे, बंद करा." मी करते म्हटलं. केलं नाही. अकरा मिनिटांची बातमी पूर्ण वाजली. झेडेकिया ओगुटू वारले, दफन शुक्रवारी, नाकुरूच्या जावयाने निघावं, वगैरे. मोराबाईंनी नंतर विचारलं तेव्हा बटण सापडलं नाही असं सांगितलं. (तेच बटण, जे मी तीन वर्षं अंधारातही दाबते.)

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. शुक्रवारी सकाळी ओगुटूंच्या अंगणात साठ माणसं आणि चाळीस खुर्च्या. नाकुरूचा जावई मागच्या खेपेला, खऱ्या दफनाला, आलाच नव्हता, रेडिओ ऐकला नाही म्हणाला होता. या खेपेला बैल घेऊन आला आणि फाटकापासून रडत आला. ओगुटूंच्या बायकोचा, मिकालबाईंचा, मला निरोप आला की चहा दुसऱ्यांदा करावा लागला, पण जावई एकदाचा रडला, तेव्हा तक्रार नाही. पास्टर माफी मागायला निघाले तर रिस्पा आत्यांनी त्यांना अडवलं. म्हणाल्या, "माफी कसली? मेलेल्याने मेलेल्याची बातमी दिली. यात खोटं काय?"

मोराबाई सोमवारी येऊन गेल्या. माझे शनिवार त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या बटणाकडे बघून म्हणाल्या, "नक्कल वेळेवर झाली असती ना मावशी, तर तिकडचंही सहा महिन्यांनी पुसलं गेलं असतं." मग म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे. राखीव कॉम्प्युटर वर्षातून एकदा मुद्दाम उठवून बघायचा असतो. कधीच न तपासलेला राखीव म्हणजे नुसतं मनाचं समाधान. तेव्हा मला तुम्ही आठवलात. राग मानू नका.

आता तुमच्या निरोपाचं उत्तर. नाही. तुम्ही भले आहात, भाऊजी, आणि एल्कानाचा तुमच्यावर जीव होता. पण तुमची आणि त्याची नक्कल कधी झालीच नाही. तुम्ही उठलात तरी तुमच्याजवळ जे असेल ते तुमचंच असेल. घर माझ्याने चालतंय. छप्पर गळत नाही. आत्यांना मी सांगते, तुम्ही सांगू नका, तुम्हाला जमणार नाही.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडेल लावा.

तुमची वहिनी,
डोर्का

ता. क. येत्या सोमवारी मोराबाई नवा कॉम्प्युटर लावतील आणि राखीववर नवी नक्कल चढेल. त्याबरोबर तिथलं जुनं सगळं जाईल. म्हणून एल्कानाच्या एकशे चौदा बातम्या मी दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. एक माझ्या पेटीत आहे. पुस्तकात लिहिलं आहे की दुसरी प्रत दूर ठेवावी, जिथे तीच वीज पडणार नाही. मोम्बासाइतकं दूर माझं दुसरं कोणी नाही. पत्र लिहिलं ते यासाठी. त्याच्यासाठी राखीव राहायचंच असेल तर हे काम करा.

ता. क. २. पेनड्राइव्ह सोबतच्या सुक्या ओमेना मासळीच्या पुडीत आहे, प्लास्टिकमध्ये बांधून. मागची पुडी तुम्ही न उघडता शेजाऱ्याला दिली होती. ही उघडा.

ता. क. ३. वर्षातून एकदा तपासायचा. शनिवार सोडून कुठल्याही दिवशी मला फोन करा आणि त्या मंगळवारची बातमी लावून फोन त्याच्याजवळ धरा. शेवटी कागद सरकवल्याचा आवाज येतो आणि एल्काना विचारतो, "डोर्का, चहा झाला का?" तिथे तुम्ही काही बोलू नका. "झाला, आधी खोकला आवर," असं मी तेव्हाच म्हटलेलं आहे, आणि तेही त्यात आहे.